वाडी, विहीर आणि नकाशावरचा हिरवा रंग

दिवाळीत पुतण्या घरी आला होता. फराळ झाला, चहा झाला, आणि मग त्याने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "काका, वाचून ठेवा. सहीची घाई नाही," म्हणाला. कागद आमच्या सामाईक वाडीबद्दल होता. साडेबावीस गुंठे जमीन आणि सातबाऱ्यावर अकरा नावे. त्या अकरांत मी वयाने सर्वात मोठा, म्हणून कागद आधी माझ्याकडे.

जाता जाता त्याने दारात एक प्रश्न विचारला. "काका, आपली वाडी हिरव्या पट्ट्यात आहे म्हणतात. पण हा हिरवा पट्टा म्हणजे नक्की काय हो? तुम्ही त्या मोर्चात होता ना?"

मी दारात उभ्याउभ्या काहीतरी सांगितले, पण माझेच समाधान झाले नाही. जन्मभर वर्गात इतिहास शिकवला आणि घरच्या पोराला घरची गोष्ट नीट सांगता आली नाही! म्हणून हे लिहायला बसलो आहे. ब्लॉगवरच्या मित्रमंडळींनी वाचावेच, पण मुख्यतः त्या दहा जणांनी वाचावे ज्यांची नावे माझ्या नावाखाली आहेत.

वसईचा इतिहास म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर किल्ला येतो. माझ्याही येतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली, ती दोनशे वर्षे त्यांच्याकडे होती. त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची ती राजधानी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तो वसईचा तह. हे सगळे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. त्याच्याही मागे गेलो तर सोपारा आहे, म्हणजे जुने शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आणला. मुलांची सहल मी तिथेही नेली आहे.

वाडी मात्र मी कधीच शिकवली नाही. ती पुस्तकात नव्हती, आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नसे. किल्ला पडला, बंदर गाळाने भरले, तह कागदात राहिला. या सगळ्यांबरोबरची एकच गोष्ट आमच्या हयातीपर्यंत रोज चालू होती, ती म्हणजे वाडी. हे माझ्या लक्षात यायला साठी उलटावी लागली.

जे वसईचे नाहीत त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. मधून रेल्वे जाते. रेल्वेच्या पश्चिमेला किनाऱ्यापर्यंत जो सखल रेताड प्रदेश आहे, तिथे आमची गावे. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, गिरीज, पापडी, सांडोर... नावे सांगायला लागलो तर थांबणार नाही. वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, माळी, कोळी, आगरी, मुसलमान, आदिवासी असे सगळे इथे शेजारी शेजारी. प्रत्येकाची बोली वेगळी, पण विहिरीवर भांडण झाले की सगळ्यांची भाषा एकच!

समुद्राला लागून असलेल्या या जमिनीत गोडे पाणी कसे, असे पाहुणे विचारतात. पावसाळ्यात पडलेले पाणी रेतीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखे राहते. गोडे पाणी हलके, म्हणून वर तरंगते. हा थर फार जाड नसतो. हळूहळू उपसा केला तर वर्षभर पुरतो, पावसाळ्यात परत भरतो. घाईने उपसा केला की खालून खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढले की ते लवकर उतरत नाही. नारळ थोडा तग धरतो, केळ आणि पानवेल मान टाकतात.

आमच्या पूर्वजांना हे शास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हते, हाताला ठाऊक होते. त्यांनी विहिरी खणल्या आणि बावखले खणली. बावखल म्हणजे विहिरीपेक्षा रुंद आणि तळ्यापेक्षा लहान असा खणलेला पाणसाठा. पावसाचे पाणी त्यात उतरते आणि तिथून आजूबाजूच्या जमिनीत मुरते. विहिरीवर रहाट असे. माळेला बांधलेली मडकी खाली जात, भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत, आणि तिथून पाणी पाटाने एकेका आळ्यात जाई. रहाटाला जुंपलेला रेडा जितका चालेल तितकेच पाणी वर येणार. तो दमला की उपसा बंद! लहानपणी आम्हाला त्याच्या मागे चालायला लावत, तेव्हा मी कंटाळून रडकुंडीला येई. तो रेडा आमच्या विहिरीचा पहारेकरी होता, हे तेव्हा कुठे कळत होते?

आणि सर्वात महत्त्वाचे. वाडीला दिलेले पाणी वाडीतच मुरे. जे झाडाने प्यायले नाही ते पुन्हा विहिरीकडे वळे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाडीत जमीन मजल्यामजल्यांनी वापरली जाई. वर नारळ, त्याखाली सुपारी, त्याखाली केळ, केळीच्या सावलीत पानवेल, मधल्या आळ्यांत भाजी आणि कडेला मोगरा, तगर, सोनचाफा. केळीच्या जाती तरी किती! राजेळी, मुठेळी, बनकेळी, तांबडी. राजेळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करत. आगाशीच्या बाजूची सुकेळी ज्याने खाल्ली आहे त्याला सांगायला नको. सखल भागात पावसाळी भात. ऑक्टोबरात ख्रिस्ती शेजाऱ्यांचा आगेऱ्याचा सण असे, नव्या भाताचा. आमच्याकडे नव्याची पूजा. पीक एकच, देव आपापले.

हा माल जाई मुंबईला. १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. आज विरार लोकल म्हटले की लोकांना दारात लोंबकळणारी माणसे आठवतात. मला आठवतात भल्या पहाटेच्या गाडीत पाट्या घेऊन बसलेल्या बाया. भाजी, केळी, केळीची पाने, फुले. दादरला फुलांचा बाजार उजाडायच्या आत वसईचा मोगरा तिथे पोचलेला असे. मुंबईचे देव वसईच्या फुलांनी सजत आणि मुंबईच्या चुलीवर वसईची भाजी शिजे. त्याच गाडीने संध्याकाळी पैसे परत येत. माझ्या बी.ए.ची फी त्याच पैशांतून भरली गेली.

मुंबईच्या स्वतःच्या वाड्यांचे काय झाले, ते गिरगावात नुसते पाट्या वाचत चाललात तरी कळते. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. भाट म्हणजे बागायत. एके काळी तिथेही विहिरी होत्या, झाडे होती. शहर वाढले, चाळी उठल्या, आणि आता फणसवाडीत फणस शोधावा लागेल. कुणी वाईट हेतूने केले असे नाही. शहराला जागा हवी होती आणि आडवे येणारे काही नव्हते. गंमत अशी की पुढे गिरगावातल्या चाळींत राहणे परवडेनासे झाले, तेव्हा तिथली कितीतरी कुटुंबे आमच्याकडे वसई-विरारला राहायला आली. एक वाडी संपवून शहर दुसऱ्या वाडीच्या दारात आले. येणारी माणसे बिचारी साधीच होती, डोक्यावर छप्पर शोधणारी. माझे कितीतरी चांगले विद्यार्थी त्याच घरांतले.

फरक एवढाच, की गिरगावच्या वेळी 'हिरवा पट्टा' नावाची गोष्ट नव्हती. आमच्या वेळी होती.

आता पुतण्याचा प्रश्न. हिरवा पट्टा म्हणजे काय?

लोक इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात, त्या आधी वेगळ्या करतो. पहिली, सातबारा. जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तीत काय पिकते, याची ती महसूल खात्याची नोंद. दुसरी, एन.ए. म्हणजे बिगरशेती परवानगी. जमीन शेतीऐवजी दुसऱ्या कामाला वापरायची तर १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे ती लागे. अलीकडे त्यातल्या अटी बऱ्याच सैल झाल्या आहेत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पट्टा, ज्याला सगळे 'झोन' म्हणतात. तो सातबाऱ्यावर नसतो, तो नियोजनाच्या नकाशावर असतो. त्याच १९६६ सालच्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने सरकारला असे नकाशे करण्याचा अधिकार दिला. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ साली मंजूर झाली. अशा नकाशावर एकेका भागाला रंग दिलेला असतो. इथे वस्ती, इथे कारखाने, इथे वन, इथे हरित. हरित भागात शेती चालते आणि बांधकामाला अगदी थोडी मुभा असते.

जमीन तुमचीच राहते. विकायलाही बंदी नाही, शेतकऱ्याने शेतकऱ्याला खुशाल विकावी. फक्त तिच्यावर इमारत उभी करता येत नाही, म्हणून तिला इमारतीचा भाव येत नाही. एवढाच हिरव्या पट्ट्याचा अर्थ. आणि त्याची सगळी भांडणेही एवढ्यातच आहेत.

आणखी एक. हा रंग कायमचा नसतो. सरकारने अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, ऐकायच्या आणि मग रंग बदलायचा, अशी कायद्यातच तरतूद आहे. किल्ल्याचे बघा. तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्यातील दुरुस्तीने अशा स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे. पडक्या दगडांना एवढे संरक्षण! आणि जी वाडी अजून जिवंत आहे तिला काय? नकाशावरचा एक रंग.

तो रंग पुसण्याची मोठी वेळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आली. वसईतला बराच हिरवा भाग नागरी वस्तीसाठी खुला होणार, अशी पावले पडू लागली. मुंबईतल्या घरांचे भाव आभाळाला भिडले होते आणि मोकळी, स्वस्त, रेल्वेला लागून असलेली जमीन म्हणजे आम्ही. १९८९ साली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे, म्हणजे याच मातीतले. धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि मराठीचे लेखक. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला त्यांचे नाव कळले. आम्हाला ते तीस वर्षे आधीच कळले होते. २०२४ साली ते गेले.

मी तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होतो. हो, मोर्चात होतो. पण पुढे नव्हतो, मधोमध होतो, जिथे साधारणपणे शिक्षक असतात. नोकरीची भीती होती, आणि त्या काळात वसईत दहशत होती, ती भीती वेगळीच. मला आठवतात त्या बाया. डोक्यावर पाटी घेऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्याच या बाया, त्या दिवशी धंदा बुडवून आल्या होत्या. लाल लुगडी, नऊवारी, बुरखे, सगळे एका रस्त्यावर. एकीने मला विचारले, "मास्तर, झोन म्हंजे काय ते जरा सांगा." मी सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे आमची हीर." हीर म्हणजे विहीर. मला वाटले तिला समजले नाही. पुढे कळले की समजले नव्हते ते मला.

कारण लढा दोन गोष्टींसाठी होता, पट्टा आणि पाणी. उभ्या राहिलेल्या इमारतींना नळाचे पाणी नव्हते. मग टँकर आले. वाडीतल्या विहिरींवर पंप लागले, रात्रंदिवस उपसा सुरू झाला आणि पाणी इमारतींना जाऊ लागले. जे वाडीला दिलेले पाणी वाडीतच मुरत होते, ते आता टँकरमधून दूर जाऊन गटारातून खाडीला मिळू लागले. परत येणे नाही. विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या. विहीर खारी झालेला शेतकरी काय करणार? त्याची जमीन नकाशावर हिरवी असेल, पण केळ नकाशावर वाढत नाही.

लढ्याने काय मिळाले? बरेच मिळाले. पाण्याचा प्रश्न चव्हाट्यावर आला, टँकरविरुद्ध बोलायची लोकांना हिंमत आली. १९९० साली सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचे काम गेले, आणि २००७ साली विकास आराखडा मंजूर झाला तेव्हा पश्चिमेचा बराच भाग हिरवाच राहिला. हे त्या बायांचे श्रेय आहे, आणि ते कुणी नाकारू नये. रेल्वेच्या आजूबाजूला मात्र नालासोपारा, नवघर-माणिकपूर, विरार बघता बघता भरून गेले.

मग २००९ साली महानगरपालिका झाली. चार नगरपालिका आणि त्रेपन्न गावे एकत्र. गावे रस्त्यावर आली. आम्हाला शहर नको, आमची ग्रामपंचायत बरी. २०११ साली सरकारने एकोणतीस गावे वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे लोंबकळले. त्याच वर्षीच्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. २०१६ साली महानगर प्रदेशाच्या २०३६ पर्यंतच्या योजनेचा मसुदा आला, तेव्हा पुन्हा तीच काळजी आणि पुन्हा हजारोंनी हरकती. मीही एक लिहिली. अक्षर चांगले म्हणून शेजाऱ्यांच्याही मीच लिहून दिल्या.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. एका बाजूला आपण चांगले, दुसऱ्या बाजूला बिल्डर वाईट. मोर्चात असे बोलणे सोपे असते. पण मी शिक्षक आहे आणि आता म्हाताराही आहे, म्हणून पुढचेही लिहिले पाहिजे.

रंग राहिला, पण वाड्या राहिल्या का? आमच्या गावातून फिरलो तर हिरवे अजून दिसते. जवळ जाऊन बघा. कितीतरी वाड्यांत नारळ उभे आहेत, पण खाली गवत आहे. पानवेल नाही, केळ नाही. कुठे लग्नाचे हॉल झाले, किनाऱ्याच्या बाजूला रिसॉर्ट झाली, कुठे विनापरवाना चाळी. बावखले माती टाकून बुजवली गेली, आणि बुजवणारा दर वेळी परकाच होता असे नाही. आमच्या वाडीच्या कोपऱ्यातले बावखल आमच्याच घरच्यांनी भरले. डास होतात म्हणून. मी सुट्टीच्या दिवशी उभा राहून बघत होतो. विरोध केला नाही.

आणि मोठी गोष्ट म्हणजे वाडी करणारी माणसे गेली. कुणी घालवली? त्यांत माझा हात आहे. वर्गात अभ्यास न करणाऱ्या पोराला मी काय म्हणायचो? "शिकला नाहीस तर बसशील आळ्यात माती उपसत!" किती पोरांना म्हटले असेन! पोरे शिकली, बँकेत गेली, कचेऱ्यांत गेली, परदेशी गेली. मला अभिमान वाटला, अजूनही वाटतो. पण संध्याकाळी मोर्चात 'वाडी वाचवा' आणि सकाळी वर्गात 'वाडीतून सुटा', असे मी दोन्ही केले. नकाशातला रंग वाचवायला आम्ही रस्त्यावर आलो. वाडीत काम करणाऱ्याची किंमत वाढवायला मात्र कुणीच आलो नाही.

आणि अन्यायाचा भाग. रेल्वेच्या पूर्वेला किंवा स्टेशनजवळ ज्याची जमीन होती त्याचे सोने झाले. पश्चिमेला ज्याची हिरव्यात राहिली, तो हवा देतो, पाणी मुरवतो, फुले देतो, आणि त्याबद्दल त्याला मिळते काय? 'तुमच्याकडे किती छान वाटतं हो!' एवढे एक वाक्य. पुतण्या मला म्हणाला नाही, पण त्याच्या डोळ्यांत हेच होते. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आहे. साडेबावीस गुंठ्यांतला त्याचा हिस्सा हा त्याच्याकडचा एकमेव मोठा पैसा. त्याला मी 'संस्कृती' म्हणून गप्प बसवणार? माझे पेन्शन दरमहा येते!

पण दुसरी बाजूही बघा. १० जुलै २०१८ च्या पुरात वसई बुडाली. गाड्या बंद, वीज बंद, लोक घरांत अडकलेले. सखल शेते आणि मिठागरे ज्या पाण्याला पोटात घेत, ते पाणी भराव टाकल्यावर जाणार कुठे? ते घरात आले. त्या दिवशी शहरातल्या मंडळींना वाडीचा आणि शेताचा दुसरा उपयोग कळला असेल, अशी आशा करू या. आणि पिण्याचे पाणी? ते आता सूर्या धरणाचे येते. ते धरण डहाणू-पालघरकडच्या शेतीसाठी होते. म्हणजे आमच्या विहिरी खाऱ्या झाल्या, शहर वाढले, आणि शहराची तहान भागवायला तिकडच्या आदिवासी शेतकऱ्याच्या पाटाचे पाणी इकडे वळले. एक वाडी मोडली की गोष्ट तिथेच संपत नाही, ती पुढच्या गावाला जाते. गिरगावहून वसईला आली, वसईहून पालघरला.

तर मला काय म्हणायचे आहे? पट्टा हवाच. तो नसता तर आज हा लेख लिहायला कारणच उरले नसते, आमची गावेही पाट्यांवरच राहिली असती. पण पट्टा म्हणजे कुंपण. कुंपणाच्या आत पाणी नसेल आणि माणूस नसेल तर कुंपण कशाचे रक्षण करणार? ती मोर्चातली बाई बरोबर होती. झोन म्हणजे हीर. ज्या नकाशावर हिरवा रंग आहे त्यावर विहिरी आणि बावखले नाहीत. भूजलासाठी महाराष्ट्रात २००९ साली वेगळा कायदा झाला, पण तो एका खात्याकडे आणि जमिनीचा रंग दुसऱ्याकडे. हे दोन नकाशे एकावर एक ठेवून कुणी बघावेत, एवढे जरी झाले तरी खूप. आणि जो वाडी राखतो त्याला शहराने काहीतरी द्यावे. दान नको. त्याच्या मालाला शहरातल्या बाजारात हक्काची जागा द्यावी, त्याच्या बावखलाच्या गाळाचा खर्च उचलावा. शहर त्या बावखलाचे पाणी पिते, पुरात त्याच्यामुळे वाचते, मग खर्च एकट्या शेतकऱ्याने का करायचा?

आता घरच्यांसाठी.

बाळांनो, कागद मी तीनदा वाचला. त्यात वाडीचे तुकडे करून एकेकाने आपला हिस्सा मोकळा करून घ्यायचा, असा विचार आहे. 'पुढेमागे झोन बदलेल' असे एक वाक्यही त्यात हळूच घातले आहे. त्या वाक्याला माझी सही मिळणार नाही. पण वाटणीला मी आडवा येणार नाही. ज्याला गरज आहे त्याने आपला हिस्सा घ्यावा. मी माझ्या पेन्शनच्या जोरावर तुमची अडचण वाढवणार नाही.

माझी एकच अट आहे. विहीर आणि बुजवलेल्या बावखलाची जागा वाटायची नाही. ती अकराही जणांच्या नावे सामाईक राहील आणि तशी नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत करून घ्यायची. टँकरला पाणी द्यायचे नाही, हेही आपसात लिहून ठेवायचे. आणि माझा हिस्सा मी बावखलाला लागून घेईन, वाईट जागा म्हणून तो कुणी मागणारही नाही. येत्या उन्हाळ्यात त्यातली माती काढायचा विचार आहे. गाळ काढणारी माणसे ठरवली आहेत, पैसे मी देईन. एकेकाळी मी ते भरताना बघत उभा राहिलो होतो, तेवढे देणे माझ्याकडे बाकी आहे.

पाणी लागले, आणि गोडे लागले, तर चार राजेळीची रोपे लावू. पुतण्याला म्हटले आहे, मुलीला घेऊन ये. तिला रहाट दाखवता येणार नाही, पण पाणी आळ्यात कसे वळवायचे ते मला अजून येते.

असो. फारच लांबले. वसईच्या वाचकांनी आपापल्या गावातली बावखले आठवून जरूर कळवावीत, बुजलेली आणि जिवंत दोन्ही. एका वहीत यादी करायला घेतली आहे.